कमी मागणीची स्पोर्ट बाइक घेताना आणि सांभाळताना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी तपासणीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायची साधनं. २०२३ च्या दिवाळीनंतर मी सेकंडहँड सुझुकी जिक्सर एसएफ २५० घेतली, २०२१ चं मॉडेल, मीटरवर १४,६०० किलोमीटर. तेव्हापासून कंपनीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, त्र्यंबक रोडवरच्या टपरीवर लोक हेच विचारतात, "ताई, ही दीडशेच ना?"

नाही, ही अडीचशे आहे. २४९ सीसी, ताकद २६.५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), वजन १६१ किलो. पण लोकांची चूक नाही, कारण १५५ सीसीची जिक्सर एसएफ हिच्या आधीपासून रस्त्यावर आहे आणि दोघींचा चेहरा जवळजवळ सारखाच. मे २०१९ मध्ये ही बाजारात आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत होती १ लाख ७० हजार. तेवढे पैसे मोजणाऱ्याला सिग्नलवर लोकांनी वळून बघायला हवं असतं, आणि हिच्याकडे कुणी वळून बघत नाही. म्हणून ती मागे पडली. मला वाटतं तिच्यावर अन्याय झाला, आणि माझ्यासारखीला परवडली ती त्या अन्यायामुळेच.

अशी गाडी घ्यायचा विचार असेल तर आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. मागणी कमी म्हणून ती स्वस्त मिळते, आणि मागणी कमी म्हणूनच तिचे पार्ट दुकानात पडून नसतात, मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला नसतो, विकायला काढली की गिऱ्हाईक लवकर येत नाही. यातलं पहिलं तेवढं घेऊन बाकीचं सोडता येत नाही. म्हणून किमान पाच वर्षं गाडी ठेवणार असाल तरच हात घाला. दोन वर्षांत बदलायची सवय असेल तर चारजण मागतात ती गाडी घ्या, तुमचे पैसे वाचतील.

आता ती तुमच्या कामाची आहे का ते बघू. चार पदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे आपलं फिरणं त्र्यंबक, वणी, सापुतारा, पेठ, इगतपुरी, फार तर कसारा उतरून मुंबई. या रस्त्यांवर केटीएमच्या आरसी ३९० चे ४३ पीएस बहुतेक वेळ झोपूनच राहतात. यामाहाच्या आर१५ चं १५५ सीसीचं इंजिन भन्नाट आहे, पण जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरवल्यावर, त्यामुळे चढावर ट्रकमागे अडकलं की गिअर खाली टाकावाच लागतो. एसएफ २५० ची मजा मधल्या आरपीएमला आहे. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ती शांतपणे ओढत राहते, मला सारखं पायाने खेळावं लागत नाही. ज्याला ट्रॅकवर जायचंय किंवा २०० ओलांडायचेत त्याने हिच्याकडे बघूच नये.

बसण्याची गोष्ट मुलींसाठी मुद्दाम लिहिते. माझी उंची पाच फूट दोन इंच. सीट ८०० मिलिमीटरवर आहे, पण पुढे निमुळती होते, म्हणून दोन्ही पायांचे चवडे टेकतात. हँडल क्लिप-ऑन, म्हणजे दोन तुकड्यांचं आणि खाली बसवलेलं असलं तरी फार खाली नाही, त्यामुळे सिडको ते अंबड या रोजच्या रस्त्यात मनगटं दुखत नाहीत. पहिल्या महिन्यात दुखली होती, कारण मी सगळा भार हातांवर टाकत होते. टाकीला गुडघे आवळून धरायला लागले आणि ते थांबलं. मागची सीट मात्र लहान आणि उंच. आई एकदाच बसली, उत्तमनगर ते त्रिमूर्ती चौक, आणि उतरून म्हणाली, "बाई, मला आता रिक्षानेच ने." घरात गाडी एकच असेल आणि मागे रोज कुणाला बसवायचं असेल तर हा तोटा मोठा आहे, कमी लेखू नका.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आदल्या रात्रीच मालकाला सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावून बघा. कोमट लागलं तर चहा घ्या, थांबा, थंड होऊ द्या. थंड इंजिनचा पहिला मिनिट पुढच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त सांगतो. धूर कसला, टकटक येते का, आरपीएम खाली येऊन स्थिर होतो का. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरा. थंडीत थोडी वाफ येणारच, पण कागदावर तेलाचे काळे शिंतोडे उडाले तर तिथूनच परत फिरा.

मग पडझड शोधा. फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या प्लास्टिकच्या आवरणावर, नवीन रंग मारता येतो, म्हणून फेअरिंगकडे शेवटी बघा. क्लच आणि ब्रेक लिव्हरचं टोक, हँडलच्या दोन्ही टोकांची वजनं, फूटरेस्टची कड, सायलेन्सरची बाहेरची बाजू बघा. गाडी पडली की सगळ्यात आधी हेच घासतं, आणि विकणाऱ्याला नेमकं हेच बदलायचं सुचत नाही. फेअरिंगच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर ती बऱ्याचदा उघडली गेलीय. का उघडली ते विचारा. हँडल डावी-उजवीकडे शेवटपर्यंत नेऊन फ्रेमवरचा अटकाव बघा, तिथे ठेचलेलं दिसलं तर धडक मोठी होती. पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश फिरवा. बरोबर मधोमध खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, गेलाय. पुढचा ब्रेक धरून शॉकअप तीन-चारदा दाबा आणि नळीवर बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर सील बदलायचं काम ठरलेलं.

ब्रेकच्या डिस्कबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा माझा रोजचा धंदा आहे आणि इथे जाणकारही चुकतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' अशी अक्षरं आणि पुढे आकडा. लोक व्हर्नियर लावतात, आकडा जास्त आला की खूश. पण पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही. वापरलेल्या डिस्कला बाहेरच्या कडेने न झिजलेली बारीक किनार राहते. व्हर्नियरचे सरळ जबडे त्या किनारीवर टेकतात आणि तुम्ही नव्या डिस्कची जाडी मोजून घरी येता. मायक्रोमीटर आत नेऊन मोजा. तो नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना, पॅड घासतो त्या पट्ट्यात, एकेक रुपयाचं नाणं धरा, तिन्हींची मिळून जाडी मोजा आणि दोन नाण्यांची वजा करा. एकाच ठिकाणी नको, सहा ठिकाणी मोजा. मी घेतली त्या गाडीच्या पुढच्या डिस्कमध्ये सहा जागांत तीन शतांश मिलिमीटरचाही फरक नव्हता. त्याआधी बघितलेल्या दुसऱ्या एका गाडीत एवढा फरक होता की ब्रेक मारताना लिव्हर हातात धडधडत होता. मालक म्हणाला, "एबीएस आहे ना, म्हणून." एबीएस कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला धडधडत नाही.

टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १२२१ म्हणजे २०२१ चा बारावा आठवडा. मागचा टायर १५०/६०-१७ चा रेडियल आहे, स्वस्त नाही, तेव्हा तो जुना निघाला तर किंमत तिथेच कमी करून घ्या.

कागदपत्रांत मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, कर्जाची नोंद अजून दिसत असेल तर "नंतर काढून देतो" यावर पैसे देऊ नका, किती का ओळखीचा असेना. गाडी नंबर टाकून परिवहनच्या साइटवर चलनं बघा. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून जुन्या मालकाचा हप्ता बघून तुमचा अंदाज बांधू नका.

माझा निर्णय शेवटी एका वहीने केला. विकणारे गृहस्थ नाशिकरोडचे. त्यांनी शंभर पानी शाळकरी वही काढून दिली. प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, चेनला लूब कधी मारलं, सगळं तारखेनिशी. अशा गाड्या बऱ्याचदा अशाच माणसांच्या हातात असतात. मिरवायला घेणारा दुसरी घेतो, ही घेणाऱ्याने विचार करून घेतलेली असते. कमी खपणाऱ्या गाडीचा हा फायदा जाहिरातीत सापडत नाही, पण सेकंडहँड बाजारात फिरलं की जाणवतो.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल बदला. वहीत लिहिलेलं असलं तरी बदला. ही गाडी ऑइल-कूल्ड आहे. कूलंट नाही, वॉटर पंप नाही, पाण्याचे होज नाहीत. सिलिंडरभोवतीच्या वाटेने इंजिन ऑइलच फिरतं आणि पुढच्या ऑइल कूलरमध्ये थंड होतं. बिघडायच्या वस्तू कमी झाल्या हा फायदा. पण वंगणही तेच, गारवाही त्याच्याकडूनच, म्हणून तेलाची पातळी खाली गेली तर दोन्ही बाजूंनी मार. मी दर दुसऱ्या रविवारी गाडी सपाटीवर सरळ उभी करून पातळी बघते. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलीय तीच घ्या, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या तेलाचं मानक) आहे का ते बघा. कारचं महाग ऑइल टाकलं तर बरं चालेल असं सांगणारे भेटतील. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो, आणि कारच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवतात.

ऑइल कूलर पुढच्या चाकाच्या मागेच आहे, म्हणजे पावसाळ्यात चिखलाच्या तोंडावर. त्र्यंबक रोडची एक भिजलेली फेरी केली की त्याच्या पात्यांमध्ये लाल माती बसते. पहिल्या पावसाळ्यात मी एका वॉशिंग सेंटरवर गाडी दिली. त्या पोराने प्रेशरचा पाइप थेट कूलरवर धरला आणि तळव्याएवढ्या जागेतली पाती आडवी झाली. संध्याकाळभर बसून मी ती बोथट सुरीच्या पात्याने एकेक सरळ केली. तेव्हापासून घरीच बादली आणि जुना मऊ टूथब्रश, पात्यांच्या उभ्या दिशेने. तुम्हीही हेच करा, वेळ लागला तरी.

सिडको ते अंबड जेमतेम चार किलोमीटर. एवढ्यात तेल पुरतं तापत नाही, इंजिनात जमलेली वाफ बाहेर पडत नाही, तेल लवकर खराब होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सलग तासभर चालवा. मी रविवारी पहाटे अंजनेरीपर्यंत जाऊन येते. ज्यांचा सगळा वापर असा तुकड्यातुकड्यांचा आहे त्यांनी ऑइल किलोमीटरवर न बदलता महिन्यांवर बदलावं.

पार्टचं सांगते. जुलै २०२४ मध्ये सोमेश्वरला धबधब्याजवळ साइड स्टँड ओल्या मातीत रुतला आणि गाडी उभ्या जागी डाव्या अंगावर आडवी झाली. क्लच लिव्हर वाकला, डावा आरसा फुटला, फेअरिंगचं पॅनल तडकलं. ज्या दुकानात मागवलं तिथे "चार दिवसांत" म्हणाले. पॅनल बावीस दिवसांनी आलं आणि रंग दुसराच. परत पाठवून आणखी दोन आठवडे. तोवर मी चिकटपट्टी लावून कारखान्यात जात होते. चूक स्टँडखाली दगड न ठेवणाऱ्या माझीच, पण धडा मोठा मिळाला. कमी खपाच्या गाडीचा मालक हा स्वतःचा स्टोअरकीपर असतो. माझ्या कपाटात आता कायम असतं ते एवढं: क्लच आणि ब्रेक लिव्हर, क्लच केबल, दोन ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, पुढचे-मागचे ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, फेअरिंगच्या क्लिपा. सगळं पार्ट नंबर टाकून मागवलेलं. पार्ट नंबर पॅकेटवरून वहीत उतरवून ठेवा, कारण मॉडेलचं नाव सांगितलं की १५५ चा माल हातात पडायची भीती असते. बेअरिंग मात्र नंबर वाचून औद्योगिक बेअरिंगच्या दुकानातही मिळतात. नाशिकमध्ये एमआयडीसी असल्याचा हा फायदा घ्या.

मिस्त्री एकच धरा. आमचे मिस्त्रीकाका पवननगरचे. आधी म्हणाले, "ताई, ही गाडी माझ्याकडे येत नाही, अंदाज नाही." मी सर्व्हिस मॅन्युअलमधले टॉर्कचे, म्हणजे कुठला बोल्ट किती आवळायचा त्याचे, आकडे कागदावर लिहून नेले आणि कंपनीत कॅलिब्रेट केलेला माझा टॉर्क रेंचही. त्यांना ते आवडलं. आता ते माझ्याकडूनच विचारून घेतात. जो माणूस "सगळ्या गाड्या सारख्याच" म्हणतो त्याच्याकडे ही गाडी सोडू नका.

चालवताना दोन गोष्टी सांभाळा. हिला स्लिपर क्लच, म्हणजे गिअर खाली टाकताना मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करणारा क्लच, नाही. कसारा उतरताना घाईने दोन गिअर एकदम टाकले की मागचं चाक क्षणभर अडखळतं, आणि ओल्या वळणावर तो क्षण फार मोठा असतो. एकेक गिअर टाका, क्लच सोडताना थ्रॉटल किंचित उघडा. दुसरं, दिंडोरी-वणी रस्त्यावर हंगामाप्रमाणे डांबरावर काय सांडलंय ते बदलतं. पावसाळ्यात शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, कांद्याच्या हंगामात ट्रॉल्यांमधून उडालेली पात आणि टरफलं, जानेवारीपासून द्राक्षांच्या पिकअपची धावपळ. दोन्ही चाकांना एबीएस आहे, पण गाडी वळणात झुकलेली असताना चिखलावर एबीएस वाचवत नाही. शेताचा कच्चा रस्ता डांबराला जिथे मिळतो तिथे वळणाआधीच वेग उतरवा.

पैशांचं माझ्या वहीतून सांगते. रोजच्या वापरात लिटरला ३५ च्या आसपास, रविवारी ३९ पर्यंत. टाकी १२ लिटरची, म्हणजे चारशे किलोमीटर धरून चाला. नाशिकहून सापुताऱ्याला जाऊन येऊन पंप शोधावा लागत नाही. आमचे नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, रिटायर झालेले, हिशोबाला कडक. गाडी आणली तेव्हा म्हणाले होते, "एवढ्यात नवी स्कूटर आली असती गं." दोन वर्षांचा खर्च मी त्यांच्यासमोर मांडला. पाहून म्हणाले, "पॅनल सोडलं तर ठीक आहे." नानांकडून एवढं मिळालं म्हणजे खूप.

विकायची वेळ आली तर ओएलएक्सवर टाकून आठवड्यात फोनची वाट बघू नका, दोन-तीन महिने धरा. "दीडशे आहे ना" म्हणत दीडशेचा भाव सांगणाऱ्यांशी वाद घालू नका. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत २४९ सीसी लिहा, थंड इंजिन स्टार्ट होतानाचा व्हिडिओ टाका, डिस्क आणि टायरच्या तारखेचे फोटो टाका. बघायला येणाऱ्याला मागचं चाक उचलून चेन फिरवून दाखवा. आणि वही द्या. नाशिकरोडच्या त्या गृहस्थांची वही माझ्याकडे संपत आलीय, शेवटची सहा पानं उरलीत. नवी आणून तिला जुनी दोऱ्याने बांधून ठेवणार आहे, म्हणजे पहिल्या किलोमीटरपासूनचं सगळं एकत्र राहील.